कुशल आणि विशेष

जुनी मराठी पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना त्यांची ठरलेली घडण परिचयाची असते. आरंभी येथील कुशल कळवायचे, तेथील कुशल लिहीत जावे अशी विनंती करायची आणि मग ‘विशेष’ हा शब्द घालून खरा मजकूर सुरू करायचा. कुशल हे जवळजवळ नेहमीच असे. घरात आजारपण असो की पेठेत महागाई, पहिल्या ओळीत सारे क्षेम. पुढे पोस्टकार्डाच्या काळातही ही रीत टिकली. मावळातून मुंबईला पोट भरायला गेलेल्या माणसाचे कार्ड ‘आम्ही सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे’ येथून सुरू होई आणि पुष्कळदा तेथेच संपे. साहित्याचे अभ्यासक या ओळी ‘मायना’ म्हणून ओलांडतात आणि ‘विशेष’पासून वाचू लागतात. त्या ओलांडलेल्या ओळींकडे परत वळावे असे मला वाटले ते एका अगदी अनपेक्षित कारणाने. ते कारण म्हणजे संगणकावरची एक शेल स्क्रिप्ट.

मी भोरला मराठी शिकवतो. आमच्याकडच्या जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करायचे, त्यांतला मजकूर संगणकाकडून ओळखून घ्यायचा आणि त्याची शब्दसूची तयार करायची, असे एक काम काही वर्षे चालू आहे. कोणता शब्द कोणत्या अंकात, कोणत्या पानावर आला हे त्या सूचीवरून शोधता येते. हे सारे एका जुन्या संगणकावर, समोर कोणी बसलेले नसताना, रात्रंदिवस चालते. मांडणी एका माजी विद्यार्थ्याने करून दिली होती. तो नोकरीसाठी परगावी गेल्यावर देखभाल माझ्याकडे आली. आज्ञावलीची भाषा मी अशी, उतारवयात आणि गरजेपोटी, अक्षर-अक्षर लावून वाचायला शिकलो.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात अशा पडद्याआडच्या सेवांवर देखरेख करणारा एक कारभारी असतो. आज सर्वांत प्रचलित कारभारी म्हणजे २०१० साली आलेला ‘सिस्टिमडी’. कोणती सेवा कधी उठवायची, कोणती कोणाच्या मागून उठवायची, एखादी कोसळली तर पुन्हा उभी करायची की नाही, हे सगळे तो पाहतो. पण सेवा ‘उठली’ म्हणजे नेमके काय झाले? अगदी साध्या मांडणीत उत्तर असे, की कारभाऱ्याने प्रक्रिया जन्माला घातली की त्याच्या लेखी सेवा सुरू झाली. ती अजून डोळे चोळते आहे, तिच्यापुढे सात-आठ मिनिटांचे सूची वाचण्याचे काम पडले आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

भोरच्या पावसाळ्यात वीज जाते आणि येते. एकदा अशीच वीज आल्यावर संगणक आपला आपण सुरू झाला. सूचीची सेवा ‘उठली’, म्हणून तिच्यावर अवलंबून असलेले शोधाचे पानही उघडले. एका विद्यार्थिनीने त्याच मिनिटांत एक शब्द शोधला आणि यंत्राने तत्परतेने सांगितले, की हा शब्द आढळत नाही. तिने तसे टिपून घेतले आणि प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात लिहिलेही, की विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हा शब्द नियतकालिकांत रूढ नव्हता. शब्द होता, चांगला पस्तीस ठिकाणी होता. सूची वाचून व्हायची होती, इतकेच. खर्डा वाचताना ते ध्यानात आले म्हणून निभावले. ‘नाही’ आणि ‘अजून ठाऊक नाही’ यांतला फरक पुसला गेला की विद्वत्तेची काय अवस्था होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही.

यावरचा उपाय त्या व्यवस्थेतच आहे. कारभाऱ्याला सांगून ठेवायचे, की ही सेवा स्वतः कळवील तेव्हाच तिला सिद्ध समज. मग सेवा उठवताना तो तिच्या हाती निरोप पाठवण्याचा एक पत्ता देतो, आणि सूची वाचून झाली की स्क्रिप्टमधली एक ओळ, ‘सिस्टिमडी-नोटिफाय’ ही आज्ञा, त्या पत्त्यावर ‘रेडी=१’ एवढा निरोप टाकते. तोवर शोधाचे पान उघडत नाही. (एरवी दीड मिनिटात निरोप आला नाही तर कारभारी सेवा बंद पाडतो, आमच्या संथ संगणकासाठी ती मुदत वाढवावी लागली.) याच मार्गाने दुसराही निरोप धाडता येतो, त्याचे नाव ‘स्टेटस’. त्याला ठरलेला साचा नाही. एका ओळीत काय हवे ते लिहावे, देवनागरीतही लिहावे: ‘अंक चाळीस, पान बारा; शाई पुसट आहे’. कारभारी ती ओळ जपून ठेवतो, विचारणाऱ्याला दाखवतो, पण तिच्यावरून काहीही ठरवत नाही. ‘रेडी’ यंत्रासाठी आहे आणि ‘स्टेटस’ माणसासाठी. हे वाचताना मला जुन्या पत्रांची आठवण झाली. एक कुशल, दुसरे विशेष.

शेल स्क्रिप्टची आणखी एक अडचण आहे आणि ती तर थेट आपल्या विषयातली आहे. स्क्रिप्ट निरोप स्वतः पोचवत नाही. त्यासाठी ती एका छोट्या दूत-प्रक्रियेला जन्म देते. कारभारी मात्र मुळात फक्त मुख्य प्रक्रियेचाच शब्द ग्राह्य धरतो. म्हणून ‘या सेवेच्या परिवारातल्या कोणाचाही निरोप मान्य कर’ अशी परवानगी वेगळी लिहून द्यावी लागते. तरीही एक धोका उरत असे. दूत निरोप टाकतो आणि क्षणात संपतो. कारभारी तो उघडेपर्यंत दूत हयातच नसेल, तर निरोप कोणाकडचा हे ठरवता येत नाही आणि तो वाया जातो. २०२० मधल्या आवृत्तीपासून दूत दाराशी थांबू लागला. निरोप वाचला गेल्याची खूण मिळाली की मग तो जातो. वक्ता, निवेदक आणि निरोप्या यांचे नाते आपण कथनमीमांसेत शिकवतो. येथे तो प्रश्न काही क्षणांत जगण्या-मरण्याचा होऊन बसला आहे.

भोरमध्ये राहून हा विचार करताना एक योगायोग डोळ्यांआड करता येत नाही. हे संस्थान पंतसचिवांचे. १९४८ साली विलीन होईपर्यंत ते त्याच घराण्याकडे होते. अष्टप्रधानांतल्या सचिवाचे काम काय? राज्याची पत्रे तपासणे, त्यांतला कमी-अधिक मजकूर शुद्ध करणे, हिशेब पाहणे. आलेला किंवा जाणारा शब्द कोणाचा, पुरता की अपुरा, हे पारखणाऱ्या पदावरून या गावाचा कारभार चालला. निरोपावर विसंबण्याआधी त्याची पारख करण्याची गरज शिवकालातल्या माणसांना नीट समजलेली होती.

आणि याच मुलखात, तालुक्याच्या अंतरावर, खुणेच्या निरोपाचीही सर्वांत मोठी कथा आहे. वेल्हे तालुक्यातला राजगड (त्याच्याच नावावरून तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला) आणि उत्तरेला सिंहगड, मध्ये सुमारे पंधरा किलोमीटरचे हवाई अंतर. तिथी माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. त्या रात्री तानाजी मालुसरे गडावर चढले. गड हाती आल्यावर वर पागेला आग लावण्यात आली आणि तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला, असे सभासद सांगतो. उजेड दिसताच गड आला हे राजगडाला कळले. तानाजी पडल्याचे वर्तमान मात्र दुसऱ्या दिवशी जासुदाने आणले.

ही दोन वर्तमाने वेगळी ठेवण्यात बखरकाराची जाण दिसते, असे मला वाटते. आग ‘गड आला’ एवढेच म्हणू शकते. खरे तर तेही ती स्वतःहून म्हणत नाही. लढाई चालू असलेल्या गडावरची आग पराभवाचीही असू शकते, नुसत्या अपघाताचीही. तिचा अर्थ पाहणाऱ्याच्या मनात आधी ठरलेला असावा लागतो. आपल्या काव्यशास्त्राने शब्द आणि अर्थ यांना जोडणाऱ्या करारालाच ‘संकेत’ म्हटले आहे, आणि खुणेच्या उजेडालाही मराठीत ‘संकेत’च म्हणतात. संकेत जितका पक्का तितका निरोप जलद, आणि जितका जलद तितका अपुरा. त्या उजेडाला ‘गड आला, पण’ असे म्हणता येत नव्हते. ‘पण’ म्हणायला भाषा लागते, आणि ती घेऊन येणारा माणूस लागतो.

घोडखिंडीची कथाही येथलीच म्हणायची, कारण बाजीप्रभू हिरडस मावळातले, म्हणजे आजच्या भोर तालुक्यातले. जुलै १६६० मध्ये विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड रोखून धरायची, अशी परंपरेने आलेली हकीकत आहे. येथे खूण उलट दिशेने जाते. वरून खाली, थांबलेल्या माणसाकडे. ‘पोचलो’ या एका अक्षरी निरोपावर दुसऱ्याची सुटका अवलंबून आहे. एका सेवेच्या ‘रेडी’साठी दुसरी तिष्ठत असते, हे संगणकाच्या पुस्तकातले वाक्य मी त्या खिंडीमुळेच समजू शकलो.

‘पोचलो’ हा निरोप आमच्या घरी वेगळ्या रूपात होता. आई तोरण्याच्या पायथ्याकडच्या गावात राहत असे. मोबाइल आले तेव्हा रेंज घराबाहेरच्या टेकाडावरच मिळायची आणि बोलण्याला पैसे पडायचे. म्हणून ठरले होते, की रोज संध्याकाळी सातला तिने एक मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंगा आणि बंद. उचलायचा नाही. अर्थ एकच: मी आहे. कारभाऱ्याच्या भाषेत याला ‘वॉचडॉग’ म्हणतात. सेवेने ठरावीक अवधीत ‘वॉचडॉग=१’ अशी खूण देत राहायचे; ती चुकली तर सेवा अडली असे धरून कारभारी ती बंद करतो आणि तसे सांगून ठेवले असेल तर पुन्हा उठवतो. येथे बोलण्यापेक्षा गप्प होण्यालाच अर्थ असतो.

एका श्रावणात सलग नऊ दिवस सातला रिंग आली. दहाव्या दिवशी शेजारच्या काकांचा फोन आला: आई बांधावरून घसरली होती, उजवे मनगट मोडले होते, आणि हे सगळे नऊ दिवसांपूर्वीचे. प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ती रोज टेकाडावर चढत होती आणि डाव्या हाताने रिंग देत होती. मी तडक गेलो आणि विचारले, “आई, सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “अरे, रिंग येत होती ना रोज? मग?”

तिचे बरोबर होते. करार पाळला गेला होता, आणि तो ‘मी आहे’ एवढाच होता. जाणकार एक इशारा देतात: खूण देणारी ओळ मुख्य कामाच्या आत असावी, ती वेगळ्या फेऱ्यात ठेवली तर काम गोठले तरी खूण येतच राहते. माणसे मात्र हेच करतात, आणि प्रेमापोटी करतात. काम, दुखणे, चिंता एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला न चुकता सात वाजता जाणारी रिंग. जुन्या पत्रातले पहिल्या ओळीचे कुशल कोणाला फसवण्यासाठी नसे. दूरच्या माणसाच्या जिवाला घोर लागू नये म्हणून घेतलेले ते कष्ट असत. मायना म्हणून आपण ज्या ओळी ओलांडतो, त्यांत कोणाचे मोडलेले मनगट लपलेले आहे हे सहसा कळत नाही.

आज शिक्षणाच्या व्यवहारात कुशल कळवण्याची यंत्रणा फार वाढली आहे. अभ्यासक्रम पूर्ण: होय. उपस्थिती: होय. उद्दिष्टे साध्य: होय. या ‘होय’ना माझा विरोध नाही, त्यांच्यावाचून पुढचे दार उघडत नाही, आणि अवेळी उघडलेले दार काय करते ते शब्दसूचीने मला दाखवले आहे. माझे म्हणणे इतकेच, की ‘स्टेटस’ची ओळ रिकामी राहू नये. ती कोणी मोजत नाही, तिच्यावरून काही ठरत नाही, म्हणूनच तिच्यात खरे लिहिता येते. साहित्य ज्याला म्हणतो ते बहुतेक सारे त्या ओळीतच लिहिले गेले आहे.

सभासदाने आपली बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, १६९४ च्या सुमारास लिहिली. सिंहगडावरचा उजेड क्षणात राजगडी पोचला होता, जासूद दुसऱ्या दिवशी, आणि हा मजकूर सुमारे चोवीस वर्षांनी. ‘विशेष’ला असाच वेळ लागतो.