थिएनथाय पर्वतावरचे मूळ

चीनच्या चेच्यांग प्रांतात थिएनथाय नावाचा पर्वत आहे. हांगचौ शहरातून तेथे २०२२ पासून वेगवान रेल्वे जाते. त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या प्रवाशालाही पायथा गाठणे अवघड राहिलेले नाही. पायथ्याशी इ.स. ५९८ मध्ये उभारलेले ग्वोछिंग मंदिर आहे. ८०४ साली चीनला आलेला जपानी भिक्षू साइचो येथे शिकला आणि परतल्यावर त्याने जपानमध्ये तेंदाई पंथ स्थापला. वर डोंगरात धबधब्यावर एक नैसर्गिक पाषाणपूल आहे; तो दुरूनच पाहावा.

आपण मात्र एका मुळासाठी थांबूया. जुन्या दंतकथेतील ल्यू छेन आणि र्‍वान चाव हे दोघे औषधी गोळा करण्यासाठी याच डोंगरात शिरले, वाट चुकले, दोन अप्सरांकडे अर्धे वर्ष राहिले आणि घरी परतले तेव्हा त्यांची सातवी पिढी नांदत होती. येथील प्रसिद्ध वनस्पती म्हणजे वू-याव. दालचिनीच्या कुळातील हे झुडूप. त्याचे मूळ मण्यांच्या माळेसारखे जागोजागी फुगलेले असते आणि कापले की सुगंध येतो.

या मुळावरून ‘थिएनथाय वू-याव चूर्ण’ हा योग ओळखला जातो. बाराव्या शतकाच्या आरंभी, सुंग राजवटीत संकलित झालेल्या ग्रंथात तो आढळतो. जांघेतील ओढ, अंडकोषात उतरणारी कळ, सूज या तक्रारींसाठी तो सांगितला आहे. चिनी वैद्यक या तक्रारींना ‘शान’ म्हणते. हे अक्षर लिहिताना आजाराच्या चिन्हाच्या कुशीत पर्वताचे चिन्ह काढतात, आणि पर्वतालाही ‘शान’च म्हणतात, फरक केवळ स्वरांच्या चढउताराचा. यकृताची वाहिनी जननेंद्रियांभोवती फिरते, तिच्यात थंडी साचली की कळ येते, म्हणून ऊब द्यावी, अशी त्यांची उपपत्ती.

घटकांची यादी वाचताना आपल्याला परके वाटणार नाही. बडीशेप, सुपारी, कुलंजन, संत्र्याच्या कच्च्या फळाची साल आणि हिमालयातील कोष्ठ, म्हणजेच उपलेट. याखेरीज बकाणनिंबाच्या जातीचे एक फळ. या दहा फळांसोबत जमालगोट्याच्या सत्तर बिया ठेचून, गव्हाच्या कोंड्यात काळपट होईपर्यंत भाजायच्या; मग बिया आणि कोंडा फेकून द्यायचा, फळे तेवढी ठेवायची. चूर्ण घ्यायचे कोमट मद्यासोबत. विषाची केवळ धग घेण्याची ही युक्ती चतुर खरी, पण घरी करून पाहण्याची नव्हे. ते फळही अधिक मात्रेत यकृताला घातक ठरते.

आणि अंतर्गळाचे काय? तेथे पोटाच्या भिंतीतील फटीतून आतडे खाली उतरते. ती फट कोणत्याही चुर्णाने बुजत नाही, शस्त्रक्रियाच लागते. आजोबा संकोचाने बोलत नसतील, तर स्नानाच्या वेळी आपण पाहा: उभे राहिल्यावर वा खोकल्यावर जांघेत फुगणारी आणि आडवे होताच जाणारी गाठ डॉक्टरांना दाखवा. ती आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. घरातील किशोरवयीन नातवाचे वृषण अचानक तीव्र दुखू लागले, तर तेथेही हाच नियम. वृषणाला पीळ पडला असेल, तर तो वाचवायला साधारण सहा तासच हाती असतात.

परतीच्या वाटेवर हांगचौमध्ये १८७४ साली स्थापन झालेली हू छिंग यू थांग ही औषधशाळा पाहा. तेथील इतर फलक गिऱ्हाइकांकडे तोंड करून आहेत. ‘फसवणूक वर्ज्य’ अशा अर्थाचा एकच फलक आत, नोकरांकडे वळलेला आहे. त्याचे कारण समजण्याजोगे आहे. आपले उपलेट म्हणजे त्यांचे ‘मु-श्यांग’; पण ‘छिंग-मु-श्यांग’ ही निराळीच मुळी, सापसणाच्या जातीची, मूत्रपिंडे निकामी करणारी आणि कर्करोगाला कारण होणारी. चीनने २००४ साली तिचा औषधी वापर बंद केला. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी अशाच सारख्या नावांच्या घोटाळ्यातून याच जातीची दुसरी मुळी वजन घटवण्याच्या औषधांत आली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे गेली. तयार चुर्णात काय मिसळले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. थिएनथायच्या बाजारात वू-यावचे काप दिसले, तर हातात घ्या, हुंगा आणि परत ठेवा.