दुपारचा रूळ

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मसूर पिकविण्याचा उद्योग मी आज कित्येक वर्षे करीत आहे. परंतु पेरलेल्या रानावरून रूळ नेमका कोणत्या घटकेस फिरवावा, या प्रश्नापुढे मी अद्यापि उमेदवार कारकुनासारखाच उभा असतो. मसुराचे झाड गुडघ्यालाही लागत नाही, त्याच्या खालच्या शेंगा मातीला जवळजवळ टेकलेल्या असतात, आणि म्हणून कापणीयंत्राचे पाते भुईसरपट चालवावे लागते. अशा वेळी हिवाळ्यातील गोठण्या-वितळण्याने वर आलेला धोंडा किंवा एखादे ढेकूळ वाटेत आले, की पात्याचे दाते मोडतात आणि दाण्याला माती चिकटून मालाची प्रत उतरते. ते सारे दडपून रान सपाट करणे, एवढीच रुळाची कामगिरी.

आमच्या गावी हरभऱ्याच्या पेरणीमागून फळी फिरे, ती बी झाकण्यासाठी व ओल धरण्यासाठी. तिच्यावर वजन म्हणून मला बसवीत, आणि वडील मुठीत माती दाबून वाफशाचा निवाडा करीत. इथल्या लोखंडी रुळाच्या पोटात वजनासाठी पाणी भरतात. निवाडा मात्र अजून मुठीनेच करावा लागतो.

पेरणीपाठोपाठ रूळ फिरविला तर रोपाला इजा नाही; पण चिकण माती ओली असताना दाबली तर पापुद्रा धरून कोंब आत कोंडतो, आणि कोरडी भुसभुशीत असली तर तिचे पीठ होऊन वाऱ्याच्या हवाली होते. ही मुदत हुकली, की कोंब वर येण्याच्या सुमारास सक्त मनाई; पुढे रोप पाच ते सात पानांवर येईपर्यंत दुसरी मुभा मिळते, तीही भर दुपारची, कारण ऊन खाऊन मलूल झालेले रोप रुळाखाली वाकते आणि सकाळी रसाने ताठ असलेले तेच रोप मोडते.

एका जूनमध्ये भाड्याचा रूळ सायंकाळपर्यंत परत करण्याचा तगादा होता, म्हणून दहिवर वाळण्याआधीच मी ट्रॅक्टर हाकला. मागे वळून पाहिले तो काडीकाडी मोडून पडलेली. मसुराचा जीव चिवट. त्याची बीजदले जमिनीतच राहतात, आणि मातीखालच्या डोळ्यांतून तो पुन्हा फुटतो. फुटला खरा, पण ऑगस्टात अर्धे रान वाळलेले, अर्धे हिरवे, आणि ओल्या पानांवरून रुळाबरोबर करपा पट्ट्यापट्ट्याने पसरलेला.

तेव्हापासून शेजाऱ्याचा रूळ सकाळी नऊलाच धडधडू लागला, तरी मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसतो. अधूनमधून उतरून एखादा देठ बोटाभोवती वळवून पाहतो, आणि तो न तुटता वळेपर्यंत थर्मासमधला चहा संपवीत राहतो. हा निव्वळ आळस आहे, असे सौभाग्यवतींचे मत आहे.