काँकॉर्डची यात्रा

राष्ट्राचें हृद्गत त्याच्या राजधानीपेक्षां एखाद्या लहानशा गांवींच अधिक स्पष्ट ऐकूं येतें, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. अमेरिकेचा इतिहास आणि वाङ्मय हीं दोन्ही एका दिवसांत पायीं हिंडून पाहावयाचीं असतील, तर मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील काँकॉर्ड येथें जावें. बोस्टनच्या वायव्येस सुमारें २० मैलांवर, इ. स. १६३५ सालीं वसलेलें हें गांव. आमच्या चिरंजीवांकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां आम्ही सौभाग्यवतीसह आगगाडीनें तेथें जाऊन आलों.

गांवाच्या उत्तरेस संथ वाहणाऱ्या नदीवर एक लांकडी पूल आहे. पूल मूळचा नव्हे. जुन्याच जागीं नवा बांधलेला. ता. १९ एप्रिल १७७५ रोजीं पहाटे लेक्सिंग्टन येथें रक्त सांडलें होतेंच. परंतु वरिष्ठाच्या हुकुमानें शेतकऱ्यांनीं इंग्रज सरकारच्या शिपायांवर बंदुका झाडल्या, त्या प्रथम या पुलापाशीं. पलीकडे डॅनिएल चेस्टर फ्रेंच या शिल्पकारानें घडविलेला, १८७५ सालीं उभारलेला पुतळा आहे. एका हातीं बंदूक, दुसरा हात नांगरावर. सेनापतीऐवजीं नांगर धरणारा उभा करावा, यांतच त्या लोकांची दृष्टि दिसून येते.

पुलानजीक ‘ओल्ड मॅन्स’ नांवाचें १७७० सालचें घर आहे. तें बांधणारे विल्यम इमर्सन हे गांवचे धर्मोपदेशक. त्यांचे नातू राल्फ वॉल्डो इमर्सन यांनीं ‘नेचर’ हा आपला पहिला ग्रंथ (१८३६) बराचसा येथेंच लिहिला. पुढें १८४२ ते १८४५ पर्यंत कादंबरीकार नथानिएल हॉथॉर्न या घरीं नवपरिणीत पत्नीसह राहिले. गांवाच्या दुसऱ्या बाजूस लुइझा मे आल्कॉट या लेखिकेचें घर आहे. वडिलांनीं दोन खिडक्यांच्या मधोमध भिंतीस जडवून दिलेल्या लहानशा फळीवर तिनें १८६८ सालीं ‘लिटल विमेन’ लिहिली. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळें आमच्या घरांतील मुलींना ती कथा परकी राहिलेली नाहीं. सौभाग्यवती त्या फळीपुढें बराच वेळ उभ्या राहिल्या. “लिहावयास एवढी जागा पुरते तर!” एवढेंच त्या म्हणाल्या.

गांवाच्या दक्षिणेस दीड मैलावर, झाडींत, वॉल्डन तळें आहे. तें १०२ फूट खोल असल्याचें ज्यानें स्वतः मोजून पाहिलें, त्या हेन्री डेव्हिड थोरो यानें इमर्सनच्या मालकीच्या जमिनीवर १५ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी झोंपडी बांधली. खर्च २८ डॉलर १२½ सेंट. हिशेब त्यानें आपल्या ग्रंथांत खिळ्यांसकट दिला आहे. ४ जुलै १८४५ पासून दोन वर्षें, दोन महिने आणि दोन दिवस तो तेथें राहिला. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेला ‘वॉल्डन’ हा ग्रंथ दुर्गा भागवत यांनीं मराठींत आणला आहे. झोंपडी आज नाहीं. तिची जागा १९४५ सालीं खणून निश्चित केली गेली व तेथें दगडी खांब रोवले आहेत. रस्त्यालगत मात्र तिची प्रतिकृति आहे. आंत एक खाट, एक मेज, एक लिहिण्याचें डेस्क आणि तीन खुर्च्या.

येथें येणारा हिंदी यात्रेकरू हटकून म्हणतो, “यानें आमची गीता वाचली होती!” गोष्ट खरी आहे. चार्ल्स विल्किन्स यांचें गीतेचें इंग्रजी भाषांतर १७८५ सालीं छापलें गेलें. तें इमर्सनकडून थोरोच्या हातीं आलें. १८५५ सालीं एका इंग्रज मित्रानें त्यास आपल्याकडील विद्येच्या ४४ ग्रंथांची पेटीच पाठविली. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत या तळ्यांतून बर्फ कापलें गेलें. बोस्टनचें बर्फ १८३३ पासून जहाजानें कलकत्त्यास जात असे. तेव्हां आपल्या तळ्याचें पाणी गंगेस मिळत आहे, अशी कल्पना थोरोनें रंगविली. ती वाचून कोणाचें मन फुलणार नाहीं?

परंतु येथें थोडें थांबावेंसें आम्हांस वाटतें. ग्रंथ किती दूर गेला हा ग्रंथाचा पराक्रम. तो वाचणाऱ्यानें पुढें काय केलें, ही वाचकाची परीक्षा. गुलामगिरी पोसणाऱ्या व मेक्सिकोवर चाल करून जाणाऱ्या सरकारास डोईपट्टी देणार नाहीं, असें म्हणून जुलै १८४६ मध्यें थोरो तुरुंगांत गेला. कोणीं तरी परस्पर पट्टी भरल्यामुळें एका रात्रींत सुटला खरा. पण त्या रात्रींतून निघालेला निबंध १८४९ सालीं छापला गेला, आणि १९०७ सालीं दक्षिण आफ्रिकेंत गांधीजींनीं तो ‘इंडियन ओपिनियन’मधून आपल्या वाचकांपुढें ठेवला. १८५१ सालीं एका पळून आलेल्या गुलामास याच थोरोनें तिकीट काढून कानडाच्या वाटेस लावलें.

पुलासमोर आणखी एक लहानसें घर आहे; मूळच्या जागेवरून उचलून तें २०११ सालीं तेथें आणलें. गुलामगिरींत जन्मून क्रांतियुद्धांत लढलेल्या सीझर रॉबिन्सच्या मुलांचें हें घर. स्वातंत्र्याच्या या गांवींही त्या काळीं गुलाम होते. ओल्ड मॅन्सच्या धर्मोपदेशकाच्या पदरींही होता. सीझरची नात एलन गॅरिसन ही शिक्षिका झाली व यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांस तिनें शिकविलें. १८६६ सालीं बाल्टिमोरच्या स्टेशनांतील बायकांच्या बैठकीच्या खोलींतून तिला बाहेर काढलें, तेव्हां नव्या कायद्याची कसोटी लावण्यास ती न्यायालयांत गेली. जन्मभर हातीं खडू धरलेल्या आम्हांस त्या दारांत नमस्कार केल्यावांचून पुढें जाववेना.

अमेरिकेंतील ही मुक्तता पाहून पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक तेथील सदाचारी लोकांस अर्पण केलें, तें आपल्याकडेही तसेंच घडावें या आशेनें. आमच्या पांढरपेशा घरांतून गीता पूजेंत राहिली आणि इमर्सन कपाटांत. पण ती अर्पणपत्रिका किती घरांतून मोठ्यानें वाचली गेली? आमच्या विहिरींवर आणि पंगतींत कोणास मज्जाव होता, हें आपल्या घरांतील वृद्धांस ठाऊक आहे.

म्हणून वाचकांपैकीं कोणी मुलांनातवंडांसह तिकडे गेले, तर त्यांनीं झोंपडी अवश्य दाखवावी, गीतेची गोष्टही अभिमानानें सांगावी. मात्र परत फिरण्यापूर्वीं त्या लहानशा घरावरून जावें, आणि नातवंडें प्रश्न विचारतील तेव्हां उत्तर टाळूं नये.