ऐकून घेणारा साहेब

‘मानवी संबंध-कौशल्ये’ हा शब्दप्रयोग व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात भेटला की आम्हां साहित्याच्या माणसांना थोडे हसू येते. कथा-कादंबऱ्यांतून जे शोधण्यात आयुष्य सरते, ते म्हणे तीन दिवसांच्या कार्यशाळेत शिकवतात! परंतु या विद्येचा पूर्वेतिहास पाहिला की हे हसू ओसरते. कारण तिचा उगम वाचकाच्या ओळखीच्या प्रदेशातच आहे.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात काही प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का, या साध्या प्रश्नापासून त्यांचा आरंभ झाला. आम्हांला मात्र त्यांतील मुलाखतींचा भाग अधिक मोलाचा वाटतो. १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांशी बोलणे झाले. प्रथम ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार मात्र ते बाजूला सारून मनातलेच बोलत. शेवटी प्रश्नच सोडून दिले गेले. मध्ये बोलायचे नाही, उपदेश करायचा नाही, केवळ ऐकायचे, असे ठरले. अर्ध्या तासाच्या मुलाखती मग दीड तास चालू लागल्या. शब्दांत जे आले नाही तेही ऐकणे, याहून निराळे असे आम्ही वर्गात तरी काय शिकवतो?

तथापि गोम येथेच आहे. या संशोधनावर रोथलिसबर्गर व डिक्सन यांचा ग्रंथ १९३९ मध्ये निघाला. त्यात, कामाचा दर कमी आहे अशी तक्रार करणाऱ्या एका कामगाराचे उदाहरण येते. बोलण्याच्या ओघात कळते की त्याची बायको आजारी आहे आणि डॉक्टरांच्या बिलांची चिंता त्याला जाळते आहे. तक्रारीमागचे दुःख सापडले, हे खरेच. पण म्हणून दर पुरेसा होता, असे सिद्ध होते का? अर्थाचा थर उलगडताना मूळ वाक्यच पुसून टाकणारा समीक्षक आणि सहानुभूतीने ऐकून मागणी बाजूला ठेवणारा व्यवस्थापक, हे एकाच कुळातले. त्याच कारखान्यात प्रयोगासाठी निवडलेल्या पाच मुलींपैकी दोघींना १९२८ च्या जानेवारीत बदलण्यात आले. त्यांच्यावरील मुख्य आक्षेप, त्या फार बोलतात, हा होता!

मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने १९२५ मध्येच यातून वाट दाखवली होती. ग्रंथालयाच्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, बाईंना ती बंद हवी होती. त्याला मोकळी हवा हवी होती. बाईंना अंगावर थेट येणारा वारा नको होता. शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली आणि प्रश्न मिटला. येथे ऐकण्याचे सार्थक कशात झाले? कोणी गोड बोलले यात नव्हे. एक खिडकी प्रत्यक्ष उघडली, यात.

आमच्या माहितीतील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक मराठीचे प्राध्यापक आहेत. तेथील एक प्राचार्य अत्यंत मृदू स्वभावाचे. भेट झाली की चहा मागवीत, मुलीच्या परीक्षेची आवर्जून चौकशी करीत. आणि मानधनाची फाईल महिनोन्‌महिने त्यांच्याच टेबलावर पडून राही. पुढे आलेले प्राचार्य तुसडे. त्यांनी ‘बसा’ असेही कधी म्हटले नाही. परंतु सर्व हकीगत ऐकून घेतली, दोन नेमके प्रश्न विचारले आणि त्याच आठवड्यात बिले पुढे धाडली. आमच्या स्नेह्यांना आजही पहिल्यांविषयी माया वाटते, दुसऱ्यांविषयी आदर. त्यांचे घर चालले ते मात्र दुसऱ्यांमुळे.

मृदुता आणि कृती एकाच माणसात नांदतील, तर सोन्याहून पिवळे. पण व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ‘संवादकौशल्य’ शिकवण्याचे काम आता ठिकठिकाणी साहित्याच्या अध्यापकांकडे येऊ लागले आहे, तेव्हा एवढे भान असावे, असे आम्हांस वाटते. माणूस वाचता येणे ही मोठी शक्ती आहे. ती नुसती हाती दिली, तर माणसांना शांत कसे ठेवावे हेच आमचे विद्यार्थी शिकतील. ऐकल्यानंतर ऐकणाऱ्यावर काहीतरी ऋण चढते, हेही त्यांना त्याच तासाला सांगितले पाहिजे.