भिसेगांवची तळघराची खिडकी

गेल्या वैशाखांत आम्ही भिसेगांवास गेलों. कर्जत स्थानकावर उतरलें कीं गांव जवळच. समोर सह्याद्रीची रांग. १८६३ सालीं लोहमार्ग येथूनच बोरघाट चढून गेला. त्याच डोंगरांस अडून पावसाळी ढग चार महिने येथें रिते होतात. ती शोभा प्रवाशाच्या वाट्याची. घरधन्याच्या वाट्यास येते ती ओल.

आमच्या काकांचें जुनें घर उतारावर बांधलेलें. त्याच्या तळघरांत वर्षाचें भात असतें. तेथील एकुलत्या खिडकीची चौकट खालून इतकी कुजली होती कीं काकूंचें बोट तींत सहज शिरलें. थोरले बंधु म्हणाले, "विटा लावून बुजवून टाकूं." काकू म्हणाल्या, "वारा बंद झाला तर भाताला बुरशी येईल. मग घरांतल्या चौदा माणसांना वाढूं काय?" यावर कोणापाशींच उत्तर नव्हतें.

म्हातारे सुतार आले. पटाशी हातीं न घेतां त्यांनीं आधीं घराभोंवतीं फेरी घातली. वरचें एक कौल सरकलें होतें. पागोळी नेमकी खिडकीपुढें पडे. अंगणाची माती वर्षानुवर्षें चढून चौकटीस भिडली होती. भरीस भर म्हणून कोणीं भोंवतीं सिमेंटचा गिलावा केलेला. आंत शिरलेल्या पाण्यास बाहेर पडावयास वाटच नव्हती. "लांकूड वयानें कुजत नाहीं, पाण्यानें कुजतें," ते म्हणाले. तें खरेंच आहे. लांकडांत शेंकडा सुमारें २० हून अधिक ओल टिकली कीं बुरशी त्यास खाऊं लागते. उलट घाटावर कार्ल्याच्या चैत्यगृहांतील सागवानी कमानी पाहाव्या. पावसापासून दूर राहिल्यानें त्या सुमारें २००० वर्षें टिकल्या आहेत.

प्रथम कौल बसविलें, माती वीतभर खालीं खणून काढली, सिमेंट खरवडून चुना भरला. मगच कुजका भाग टणक लांकूड लागेपर्यंत तासला. सारी चौकट न काढतां खालची आडवी पट्टी व उभ्या बाजूंचीं टोकें तेवढीं बदललीं. तिरका सांधा घेऊन मुरलेला साग जोडला, लांकडी खुंट्या ठोकल्या. टोकांस जवसाचें ऊन तेल पाजलें, कारण लांकूड पाणी पितें तें मुख्यतः टोकांकडूनच. पट्टीस बाहेर उतार दिला आणि तिच्या खालच्या अंगास एक खांचहि पाडली, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळतां तेथेंच गळतो.

श्रावणांत आम्ही पुन्हां गेलों. बाहेर धार लागली होती. काकूंनीं आमचा हात चौकटीवर ठेवविला. ती कोरडी होती. मृग लागण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घराभोंवतीं एक फेरी घालावी, एवढा धडा घेऊन आम्ही परतलों.