घरचें गाणें आणि एक लहानशी फळी

ज्या घरांत दहा-बारा माणसें एकत्र नांदतात, त्या घराची प्रकृति जाणावयाची असेल तर डोळे मिटून घटकाभर तेथील आवाज ऐकावे, असें मला नेहमीं वाटतें. स्वयंपाकघरांतील भांडीं, देवघरांतील घंटा, पाठ म्हणणारीं मुलें, जिन्यावरचीं पावलें, या सर्वांचा मिळून घराला एक सूर असतो. पुण्याच्या पेठांतील घरांच्या या सुरांत गाण्याचा वांटा फार मोठा होता. आकाशवाणीचें पुणें केंद्र १९५३ सालीं सुरू झालें. त्याच वर्षीं भीमसेन जोशी यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सवास आरंभ केला. तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें रेडिओ हा घरांतील एक वडीलधारा माणूसच होऊन बसला होता. तो गाऊं लागला कीं ज्याला आवडे तो ऐके, ज्याला न आवडे त्याच्याही कानांवर पडे, आणि अशा कानांवर पडण्यांतूनच पुष्कळांना गाणें कळूं लागलें.

सांप्रत ही स्थिति पालटली आहे. प्रत्येकाच्या हातीं आपापला फोन आणि प्रत्येकाच्या कानांत आपापलीं बोंडें! आमच्या घरीं अकरा माणसें आहेत. तीं अकराजणें एकाच वेळीं अकरा प्रकारचीं गाणीं ऐकत असतात आणि घर मात्र मुकें असतें. यांत तरुणांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. ज्याची त्याची आवड सांभाळली जाते हा लाभ लहान नव्हे. परंतु या व्यवस्थेंत ज्याला फोन चालवितां येत नाहीं असा मनुष्य अगदीं बाहेर पडतो, आणि माझ्या लेखाचा विषय तेथूनच सुरू होतो.

माझे थोरले बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर सर्वच ‘दादा’ म्हणतात, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कांचबिंदूनें गेल्या सात वर्षांत त्यांची दृष्टि जवळजवळ गेली. वाचन सुटलें, फिरणें सुटलें. उरलें तें ऐकणें. तरुणपणापासून सवाई गंधर्व महोत्सवाची एक रात्र न चुकविणारा हा रसिक मनुष्य! पण हातांतला फोन म्हणजे नुसती गुळगुळीत कांच. बोट कोठें टेकावयाचें तें डोळ्यांनीं पाहिल्याखेरीज कळत नाहीं. बोलून आज्ञा करावी असेंही एक यंत्र पुतण्यानें हौसेनें आणून दिलें, पण त्याला दादांचे उच्चार उमजेनात. भूप मागावा आणि त्यानें भलतेंच कांहीं वाजवावें. म्हणून गाणें लावण्यासाठीं ते कोणाला तरी हांक मारीत. हांक मारली कीं कोणी ना कोणी येईच, परंतु दर वेळीं दुसऱ्याची सवड पाहावी लागते, ही गोष्ट स्वाभिमानी माणसाला हळूहळू पोखरते. पुढें पुढें ते ‘राहूं दे, तुमचीं कामें आटपा’ असें म्हणूं लागले, आणि नंतर नंतर हांकही ऐकूं येईनाशी झाली.

दादांची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. तिनें बुधवार पेठेंतील तापकीर गल्लींतून कांहीं सामान आणलें आणि दिवाळीच्या सुट्टींत जेवणाच्या टेबलावर पसरलें. त्यांत हिरव्या रंगाची, बँकेच्या कार्डाएवढी एक फळी होती. ‘आजोबा, हा सबंध संगणक आहे,’ असें ती म्हणाली, तेव्हां दादांनीं ती हातांत घेऊन बोटांनीं चांचपली आणि ‘हिला झांकण कोठें आहे?’ असें विचारलें.

या फळीची जन्मकथा आमच्यासारख्या मास्तरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिचें नांव रास्पबेरी पाय. इंग्लंडांत केंब्रिज विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली आहे, आणि जीं येतात त्यांना यंत्र वापरतां येतें पण त्याच्या पोटांत हात घालतां येत नाहीं, असें एबेन अप्टन प्रभृति मंडळींस दिसून आलें. मुलानें निर्भयपणें मोडावें-जोडावें इतकें स्वस्त यंत्र असावें, या हेतूनें त्यांनीं ही फळी सिद्ध केली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं ती पस्तीस डॉलरांना विक्रीस आली. मुलांसाठीं केलेली ही पाटी पुढें मोठ्यांनींच पळविली. आणि त्यांत गाण्याचे शौकीन पुष्कळ होते.

ही फळी गाते कशी? खरें म्हणजे ती गात नाहीं. ती आंकडे वाचते. सीडीच्या पद्धतींत स्वराच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळां मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसवितात. या आंकड्यांचा पुन्हां स्वर करणारी एक निराळी पट्टी असते. तिला डॅक म्हणतात. फळीवर चाळीस पिनांची जी दुहेरी रांग असते तिच्यावर ही पट्टी नेमकी बसते. कांहीं फळ्यांना आवाजासाठीं स्वतःचें छिद्र असतें, पण त्यांतून निघणारा आवाज सामान्य. चांगल्या श्रवणासाठीं डॅक हवाच. डॅकमधून आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे आणि तेथून स्पीकरकडे जातो. गाणें सांठविण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एमपी-३ म्हणजे परीक्षेच्या मार्गदर्शकांतील सारांश. जें कानाला सहसा जाणवणार नाहीं तें त्यांत गाळलेलें असतें, आणि सारांशावरून मूळ ग्रंथ पुन्हां लिहितां येत नाहीं. फ्लॅक नांवाची दुसरी तऱ्हा म्हणजे सूत्र. अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारे आमचे वैयाकरण जसें एकही अर्थ न सांडतां ग्रंथ आटोपता करीत, तसें येथें आंकड्यांचें गांठोडें सुमारें निम्म्यावर येतें आणि उलगडतांच मूळचा प्रत्येक आंकडा जसाच्या तसा परत मिळतो.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली पाहिजे. उत्तम प्रतीचें एमपी-३ आणि फ्लॅक यांतील भेद सामान्य कानाला बहुधा कळत नाहीं. आणि वार्धक्यांत तर उंच स्वर ऐकण्याची शक्ति आधींच क्षीण झालेली असते. तसेंच १९०२ सालीं गौहरजान यांनीं कलकत्त्यास कर्ण्यासमोर गाऊन जें ध्वनिमुद्रण केलें, त्यांत जें मुळांतच उतरलें नाहीं तें आजचें महागडें यंत्रही निर्माण करूं शकत नाहीं. मग दादांना फरक कां जाणवला? तो स्पीकरमुळें. काळी एकचे सुरांत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारें एकोणसत्तर वेळां कंप पावते. फोनच्या बोटभर स्पीकरला हा गंभीर नाद पेलत नाहीं. कान वरच्या सुरांवरून त्याचा अंदाज बांधतो, पण अंगाला तो लागत नाहीं. पहिल्या दिवशीं दादा गाण्याविषयीं कांहीं बोललेच नाहींत. ‘तंबोरा आला’ एवढेंच म्हणाले.

म्हणून ज्या गृहस्थांना असें यंत्र करावयाचें असेल त्यांनीं फळी साधी घ्यावी आणि पैसा स्पीकरांत घालावा. आमच्या घरीं फळी, डॅक, अ‍ॅडॅप्टर, स्मृतिपट्टी आणि लांकडी पेटी मिळून सहा हजार रुपयांच्या आंत काम झालें. अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर यांना त्याहून अधिक पडले. फळीला वीज पांच वॅटांच्या आंतच लागते. तिच्यावर चालणाऱ्या व्होल्युमिओ, मूड, पायकोअरप्लेअर अशा प्रणाली घरगुती उपयोगासाठीं विनामूल्य मिळूं शकतात. अर्थात् चार संध्याकाळीं डोकें खाजवावें लागतें, आणि घरांत एखादें तरुण माणूस जिज्ञासु असावें लागतें.

नातीचें खरें चातुर्य पेटीच्या दर्शनी भागांत होतें. तेथें कांच नाहीं. एक फिरकी आणि तीन बटणें, एवढेंच. बटणांवर डिंकानें उठवून एक, दोन आणि तीन असे ठिपके केले आहेत. पहिलें बटण सकाळच्या रागांचें, दुसरें संध्याकाळच्या, तिसरें घरच्या कॅसेटींचें. चौथ्या दिवशीं पहांटे मी उठलों तों दादांच्या खोलींतून स्वर येत होते. मीं दारांत जाऊन विचारलें, ‘कोणी लावून दिलें?’ ते म्हणाले, ‘मीं ललत लावला आहे.’

आयुष्यभर व्याकरण शिकविलेल्या मनुष्याला या वाक्यांतील ‘मीं’ ऐकूं येणारच. गेलीं सात वर्षें दादा आमच्या वाक्यांत कर्म होते. दादांना उठवावें, दादांना फिरवून आणावें, दादांना कांहीं ऐकवावें, असेंच आम्ही बोलत होतों, आणि तें प्रेमानेंच बोलत होतों. त्या पहांटे ते पुन्हां कर्ता झाले. सहा हजारांत याहून मोठें कांहीं विकत मिळत असेल असें मला वाटत नाहीं.

एकत्र कुटुंबांत कोणतेंही सुख वादावांचून येत नाहीं. पहांटेच्या ललताबद्दल परीक्षा देणाऱ्या मुलांनीं तक्रार केली. आमच्या वहिनींनीं निवाडा दिला कीं सातपर्यंत गाणें दादांच्या खोलींतच राहावें. सातनंतर मात्र समोरच्या बिऱ्हाडांतील दुसरी तशीच फळी वायफायनें पहिलीला जोडली जाते आणि दोन्ही स्वयंपाकघरांत एकाच क्षणीं तोच सूर उमटतो. उंबरठ्यावरचा दिवा आंत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड पाडतो. शास्त्रकार याला देहलीदीपन्याय म्हणतात. आतां सुनांच्या तोंडून ‘ही चीज कालची ना?’ असे प्रश्न येऊं लागले आहेत. कानांवर पडणें पुन्हां सुरू झालें, हें त्याचें लक्षण होय.

कोणी म्हणेल, दरमहा थोडे पैसे भरले तर हवें तें गाणें इंटरनेटवरून मिळतें. मग हा खटाटोप कशाला? तीही सोय आमच्या पेटींत आहे. परंतु भाड्याच्या घरांत राहणाऱ्यानें आपलें एक लहानसें तरी घर बांधून ठेवावें. स्क्वीझबॉक्स नांवाचें घरोघर संगीत पोंचविणारें यंत्र लॉजिटेक कंपनी विकत असे. २०१२ सालीं तिनें तें बंद केलें आणि २०२४ सालीं त्याची इंटरनेटवरील सेवाही मिटविली. परंतु त्या यंत्राची प्रणाली सर्वांस खुली असल्यामुळें हौशी लोकांनीं ती जिवंत ठेविली. लिरियन या नव्या नांवानें ती आज चालते, आणि आमच्या दोन बिऱ्हाडांचा सूर तीच जुळविते. जें उघडें आहे आणि आपल्या हातीं आहे, तें मालक निघून गेला तरी राहतें.

आतां तिसऱ्या बटणाविषयीं. आमच्या वडिलांनीं जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यांत १९७८ पासून दहा-बारा वर्षें घरगुती बैठकी करविल्या आणि गवयांच्या संमतीनें त्या कॅसेटींवर उतरून घेतल्या. अशा एकेचाळीस कॅसेटी पत्र्याच्या पेटींत होत्या. पुण्याच्या पावसाळी हवेनें कांहींवर बुरशी चढली होती. त्या फळीवर उतरविण्यास धांदल चालत नाहीं; तासाभराची कॅसेट तासभर वाजवावीच लागते. उतरविलेल्या गाण्याच्या दोन प्रती आम्ही ठेवितों, एक येथें आणि एक नाशिकास बहिणीकडे, कारण स्मृतिपट्टी हीही मर्त्यच आहे. मात्र या बैठकी आम्ही घराबाहेर देत नाहीं. गवयानें विश्वासानें घरांत गायिलें, तें जगाच्या बाजारांत मांडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाहीं.

परंतु येथें यंत्राची विद्या संपते. बहुतेक कॅसेटींवर वडिलांच्या हातची तारीख तेवढी आहे. कोण गात आहे, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हें लिहिलेलें नाहीं, कारण तेव्हां तें सर्वांना ठाऊक होतें. आज तें एका माणसाला ठाऊक आहे. रोज रात्रीं जेवणानंतर नात तिसरें बटण दाबते. दादा दोन आवर्तनें ऐकतात आणि सांगतात: ही अमक्या वर्षाची कोजागिरी, त्या रात्रीं लोड कमी पडले होते, ही दाद माझीच. ती लिहून घेते. आवाज आंकड्यांत उतरतो, पण त्या आवाजाचें नांव दादांच्या स्मृतींतून काढून ठेवल्यावांचून दुसरीकडे कोठेंही मिळणार नाहीं.

१९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे ते गुरु. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका आज आपल्याला ऐकावयास मिळत नाहीं. शिष्यांच्या गळ्यांतून जें पाझरलें तेवढेंच आपल्या पदरीं आहे. इतकें मोठें गाणें जर असें जाऊं शकतें, तर घरगुती गाण्याची काय कथा! ज्या वाचकांच्या घरीं जुन्या कॅसेटी आहेत आणि त्यांतले आवाज ओळखणारें एखादें वृद्ध माणूसही आहे, त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं फळी पुढच्या महिन्यांत आणली तरी चालेल, वही मात्र आजच आणावी. आमच्या एकेचाळीस कॅसेटींपैकीं सव्वीसांचीं नांवें लागलीं आहेत. पंधरा राहिल्या आहेत.