टवका उडालेली डबी

लंडनच्या बॅटरसी भागात, यॉर्क हाउस नावाच्या वास्तूत १७५३ साली मिनाकामाचा एक कारखाना निघाला. तांब्याच्या पातळ पत्र्यावर पांढऱ्या मिन्याचा थर भाजायचा, कोरीव ताम्रपटावरचं चित्र आधी कागदावर आणि कागदावरून डबीवर उतरवायचं, मग डबी पुन्हा भट्टीत सारायची, असं तिथलं नवं तंत्र होतं. एरवी चित्रकार ज्या झाकणावर तासन्‌तास बसायचा, त्यावर आता छापील चित्र येऊ लागलं. होरेस वॉलपोलसारख्या चोखंदळ माणसाने १७५५ मध्ये तिथली तपकिरीची डबी मित्राला भेट पाठवली. पुढच्याच वर्षी कारखान्याचा भागीदार स्टीफन जॅन्सन, जो लंडनचा लॉर्ड मेयर होऊन गेला होता, दिवाळखोर झाला आणि यॉर्क हाउसमधला माल लिलावात निघाला.

कारखाना चालला जेमतेम तीन वर्षं. तरीही पुढच्या दीड-दोनशे वर्षांत इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या मिन्याच्या डबीला लोक ‘बॅटरसी’च म्हणत आले. त्यातल्या बहुसंख्य डब्या बिल्स्टन, वेन्सबरी आणि बर्मिंगहॅमच्या आसपासच्या छोट्या कारखान्यांत घडल्या होत्या. तपकिरीच्या डब्या, गालावर चिकटवायच्या काळ्या टिकल्या ठेवायला आत आरसा बसवलेल्या डब्या, सुया आणि कात्री ठेवायची घरं, मेणबत्तीच्या बैठका. गुलाबी, फिरोजी, पिवळ्या रंगांवर फुलांची नक्षी, नाहीतर बाथसारख्या गावाहून आणलेली भेट म्हणून झाकणावर लिहिलेली एखादी ओळ. बनवणाऱ्यांनी बहुतेक मालावर ना सही केली, ना शिक्का उमटवला. आजच्या लिलावाच्या सूचीत बिल्स्टनकडच्या भागाचं ‘साउथ स्टॅफर्डशर’ हे नाव लिहिलेलं असेल, तर ते ‘बॅटरसी’पेक्षा कमी दर्जाचं समजू नये. त्या अनाम कारागिरांना मिळालेला तो उशिराचा न्याय आहे.

मिना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, कथलाच्या भस्माने पांढरा रंग येतो. साधारण सातशे ते साडेआठशे अंश सेल्सियसला काचेची पूड वितळते आणि धातूला धरते. स्वयंपाकघरातल्या निळ्या कडेच्या इनॅमलच्या मगावरही लोखंडावर हीच क्रिया झालेली असते. भट्टीतून बाहेर आल्यावर निवताना तांबं आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत. म्हणून कसबी कारागीर पत्र्याच्या आतल्या बाजूलाही मिना देतो, म्हणजे दोन्हीकडचा ताण सावरला जातो. मुळात काच असल्याने हा रंग उडत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचा गुलाबी आजही तितकाच गुलाबी दिसतो. तैलचित्राचं किंवा रेशमाचं असं होत नाही, आणि मिन्याचं वेड लागतं ते यामुळेच.

पण डबी हातातून निसटली, झाकण जोरात आपटलं, की टवका उडतो. तो पुन्हा भरून आणणं महाकठीण. जुनी वस्तू भट्टीत घालायची तर आधी बिजागरी आणि मुलाम्याची कड उतरवावी लागते, तड्यांत मुरलेला मळ जळून काळा होण्याची भीती असते, मूळ रंग बदलू शकतात. म्हणून दुरुस्ती बहुधा थंडच केली जाते. खड्ड्यात रेझिन भरायचं, वरून रंग द्यायचा, चकाकी आणायची. काही वर्षांनी हे रेझिन पिवळं पडू लागतं. अतिनील दिव्याखाली ते अनेकदा आजूबाजूच्या काचेहून वेगळं चमकतं आणि लपवलेली जागा उघडी पडते.

संग्राहकाची खरी परीक्षा इथे होते. बाजार निर्दोष वस्तूला मान देतो आणि टवका दिसला की भाव पाडतो. पण टवक्याच्या काठाशी भिंग धरलं, तर खालचं तांबं, त्यावरचा पांढरा थर आणि सगळ्यांत वरचा रंग असे पदर मोजता येतात. कारागिराने किती जाड लेप दिला, काम किती नेटकं केलं, हे त्या जखमेतून कळतं. रेझिनने गुळगुळीत केलेली डबी हे सगळं झाकून टाकते, आणि वर निर्दोष वस्तूची किंमत मागते. उघडा टवका असलेली डबी तिच्यापेक्षा कितीतरी मोलाची मानायला हवी.

नकलांचा प्रश्न वेगळा. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने एकोणिसाव्या शतकात लिमोजच्या रंगचित्रांपासून इंग्लिश डब्यांपर्यंत अनेक मिनाकामांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बऱ्याच आता स्वतःच शंभरी ओलांडून गेल्या आहेत. त्यामुळे वस्तू जुनी दिसते एवढ्यावर तिच्या अस्सलपणाची खात्री पटत नाही.

अशा बाजारात डोळा तयार कसा करावा, हे संग्राहक लेडी शार्लट श्रायबर यांच्याकडून शिकावं. पती चार्ल्स यांच्यासह त्यांनी युरोपभर दुकानं आणि विक्र्या पालथ्या घातल्या, आणि काय पाहिलं, काय घेतलं याची टिपणं ठेवली. चार्ल्स यांच्या निधनानंतर, १८८४ च्या सुमारास, त्यांनी आपली इंग्लिश चिनी माती आणि मिनाकामाची भांडी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला देऊन टाकली. तेच आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम.

मोठ्या आकड्यांचं मिनाकाम निराळंच. रशियाच्या फाबर्जे या जवाहिऱ्याने १९०२ मध्ये केलेलं, अर्धपारदर्शक गुलाबी मिन्याचं रॉथशिल्ड अंडं नोव्हेंबर २००७ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीजमध्ये जवळपास ९० लाख पौंडांना गेलं. सामान्य संग्राहकाने त्या आकड्यांनी दिपून जाऊ नये. त्याने हिशेब करावा तो खरेदीदाराच्या अधिभाराचा. मोठ्या लिलावगृहांत हातोडा पडलेल्या किमतीवर तो बहुधा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त असतो.

भारतात घेणाऱ्याने एक कायदाही लक्षात ठेवावा. राजा मानसिंहाने लाहोरहून कारागीर आणवले आणि आमेर-जयपूरची मीनाकारी रुजली, असं परंपरा सांगते. त्या परंपरेतली शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. मुंबईच्या लिलावात घेतलेली जुनी मीनाकारी डबी लंडनच्या भाचीला लग्नात देता येणार नाही, हे बोली लावण्याआधीच ठाऊक असलेलं बरं.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना श्रायबर संग्रह ज्या संग्रहालयाला मिळाला तिथे तिकिटाशिवाय जाता येतं, आणि बिल्स्टनच्या डब्या वोल्वरहॅम्प्टनच्या कलादालनाकडे आहेत. भारतातल्यांनी लिलावाआधीच्या प्रदर्शनाला जावं, घ्यायचं नसलं तरी जावं. डबी हातात मागून घ्यावी, झाकण उघडून आतली बाजू पाहावी, बिजागरीजवळ भिंग धरावं आणि दुरुस्ती कुठे झाली आहे ते स्पष्ट विचारावं.